डॉक्टरीणबाई : एमा युंग

मंडळाचे पदाधिकारी आणि उपस्थित मित्रमैत्रिणींनो,

माझे बालपण सोलापुरात, बाळीवेशीजवळ गेले. वडिलांचा दवाखाना घराच्या पुढच्या खोलीत होता आणि वैद्यकाचा एकही वर्ग न पाहिलेली माझी आई साऱ्या पेठेची ‘डॉक्टरीणबाई’ होती. गिरणीची पाळी सुटली की रुग्ण येत आणि वडील व्हिजिटला गेलेले असले, तर आई बाकावरच्या माणसाजवळ बसून “काय होतंय, मामा?” असे विचारी व त्याचे उत्तर पुरते ऐकून घेई. आपल्या भाषेत डॉक्टरीण म्हणजे स्वतः डॉक्टर असलेली स्त्रीही आणि डॉक्टरची बायकोही. आईला न शिकलेली पदवी लोकांनी प्रेमाने दिली. एमा युंग यांनी मनोविश्लेषक म्हणून स्वतः कमावलेली ओळख मात्र कार्ल गुस्ताव युंग या विख्यात मनोविकारतज्ज्ञाची पत्नी एवढ्या शब्दांखाली झाकली गेली.

त्यांचा जन्म १८८२ साली स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेन येथे, घड्याळांचा कारखाना असलेल्या श्रीमंत घरात झाला. बुद्धी होती, पण त्या घरात मुलीने विद्यापीठात जाण्याची रीत नव्हती. १९०३ मध्ये त्यांनी झुरिकच्या बुर्गहोल्झ्ली मनोरुग्णालयातील तरुण डॉक्टर युंग यांच्याशी विवाह केला. तेव्हा पत्नीच्या मालमत्तेचा कारभार कायद्याने पतीकडे जाई. सरोवराकाठी क्युस्नाख्त येथे बांधलेले घर आणि १९०९ मध्ये रुग्णालयाची नोकरी सोडण्याची मोकळीक कार्ल यांना लाभली, त्यामागे एमा यांचा वारसा होता. हे सांगताना आपण नेहमी घाई करतो, म्हणून मी मुद्दाम थांबून सांगत आहे.

त्यांना पाच मुले झाली. पतीच्या कामात मदत करता करता त्या मनोविश्लेषण शिकल्या आणि सप्टेंबर १९११ मध्ये वायमार येथील मनोविश्लेषकांच्या परिषदेला उपस्थित राहिल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत, मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड आणि कार्ल यांच्यात दुरावा वाढत आहे हे ओळखून, पतीला न कळवता त्यांनी फ्रॉइड यांना पत्रे लिहिली. एकोणतीस वर्षांची ही स्त्री त्या काळच्या सर्वांत मोठ्या विश्लेषकाला अत्यंत आदराने, पण न कचरता, सुचवते की कार्ल यांच्याकडे पुत्र म्हणून पाहू नये. आणि त्याच पत्रव्यवहारात, आपल्या नवऱ्याच्या प्रेमात पडणाऱ्या स्त्रिया व आपल्याला केवळ त्याची पत्नी समजून अंतर राखणारे पुरुष यांच्यामध्ये आपण किती एकट्या पडलो आहोत, हेही उघड करते. दोन वर्षांत ते दोघे पुरुष कायमचे दुरावले. मला ती पत्रे त्या साऱ्या वादातील सर्वांत शहाणे लेखन वाटतात.

आधी रुग्ण आणि मग सहकारी झालेल्या टोनी वोल्फ यांच्याशी कार्ल यांचे दीर्घकाळ प्रेमाचे नाते होते आणि एमा यांना ते घरात, कामात, सर्वत्र सोसावे लागले. त्या सोसण्याला थोरवी म्हणण्यास मी तयार नाही. ते दुःख होते. पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. १९१६ मध्ये झुरिकच्या सायकॉलॉजिकल क्लबच्या, म्हणजे कार्ल यांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्यांच्या मंडळाच्या, त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. त्यांनी स्वतःचे रुग्ण घेतले, लॅटिन व ग्रीक आत्मसात केले आणि स्त्रीच्या मनातील पुरुषप्रतिमेवर, म्हणजे ‘अ‍ॅनिमस’वर, निबंध लिहिला. स्विस स्त्रियांना राष्ट्रीय मतदानाचा हक्क १९७१ मध्ये मिळाला. एमा १९५५ मध्येच निवर्तल्या होत्या.

अनेक वर्षे त्या ‘ग्रेल’ नावाच्या पवित्र पात्राच्या मध्ययुगीन कथेचा अभ्यास करीत होत्या. तो त्यांच्या हयातीत पुरा झाला नाही. कार्ल यांच्या सहकारी मारी-लुइझ फोन फ्रान्झ यांनी पुढे तो पूर्ण केला. त्या कथेत जखमी राजाच्या दरबारात आलेला तरुण पार्झिफाल सारे वैभव पाहतो, राजाची वेदनाही पाहतो, पण शिष्टाचाराच्या धाकाने काहीच विचारत नाही, आणि म्हणून राजा बरा होत नाही. पुढे कित्येक वर्षे भटकल्यावर तो परत येतो आणि राजाला विचारतो, तुम्हाला काय होतंय? हा भाग मी प्रथम वाचला तेव्हा माझ्यासमोर बाळीवेशीतला तो बाक आणि त्यावर गिरणीकामगाराशेजारी बसलेली माझी आई उभी राहिली.