सुखांना अजून चेहरे नसतात

नमस्कार. आज एका वाक्याबद्दल बोलायचंय. "चांगले दिवस होऊन गेले, आता काय राहिलंय?" हे वाक्य मी सत्तरीतल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय आणि तिशीतल्यांच्याही. दहा वर्षांपूर्वी मी स्वतः ते वहीत लिहिलं होतं.

त्या वर्षी माझं बरंच काही मोडलं होतं. एका रात्री मी वहीचं पान काढून दोन रकाने पाडले. पुढच्या दहा वर्षांत काय काय वाईट होऊ शकतं आणि काय चांगलं होऊ शकतं. पहिला रकाना भराभरा भरला. आईबाबांचं वय, माझी पाठ, पैसे, एकटेपण. दुसऱ्या रकान्यात जेमतेम तीन ओळी, त्याही ओढूनताणून.

परवा आवराआवर करताना ती वही हाती लागली. पहिल्या रकान्यातलं बरंचसं खरं ठरलंय. बाबा गेले. पाठ दुखते. पण आज ज्यांच्यामुळे मला सकाळी उठावंसं वाटतं, त्यातलं एकही दुसऱ्या रकान्यात नाही. असणार तरी कसं? माझी भाची तेव्हा जन्मली नव्हती. आजची माझी सगळ्यात जवळची मैत्रीण मला भेटायची होती. ज्या कामात मी तहानभूक विसरते, ते आपल्याला जमेल हे माझ्या गावीही नव्हतं.

मला सांगायचंय ते हेच. पुढची दुःखं आजच दिसतात. ती आपल्याच माणसांची आणि आपल्याच शरीराची असतात, त्यांना नावं असतात. पुढच्या सुखांना अजून चेहरे नसतात. म्हणून भविष्याचा हिशेब मांडायला बसलं की खर्चाची बाजू गच्च भरलेली दिसते आणि जमेची कोरी. त्या कोऱ्या पानाकडे बघून आपण निकाल देऊन टाकतो, की संपलं.

आणि बदलतं ते फक्त बाहेरचं जग नाही. २०१३ साली जॉर्डी क्वॉइडबाख, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला. १८ ते ६८ वर्षं वयाच्या १९,००० हून अधिक लोकांना त्यांनी विचारलं, गेल्या दहा वर्षांत तुम्ही किती बदललात, किंवा पुढच्या दहा वर्षांत किती बदलाल? स्वभाव, मूल्यं, आवडीनिवडी, सगळ्याबद्दल. प्रत्येक वयाच्या लोकांचं साधारण एकच म्हणणं. आजवर खूप बदललो, पण आता मी जो आहे तो आहे. त्यातला एक प्रश्न मला फार आवडतो. आजच्या आवडत्या गायकाचा कार्यक्रम दहा वर्षांनी ऐकायला किती पैसे द्याल? सरासरी १२९ डॉलर. आणि दहा वर्षांपूर्वी जो आवडायचा त्याचा कार्यक्रम आत्ता ऐकायला? ८० डॉलर. म्हणजे जुनी आवड ओसरली हे कळतं, पण आजचीही ओसरेल आणि तिच्या जागी नवी येईल, हे काही मनाला पटत नाही.

पुढच्या सुखाचा अंदाज बांधताना आपण हेच करतो. आजच्या मनाला काय आवडेल ते शोधतो. पण ते सुख भोगणारं मन तोवर वेगळं झालेलं असतं.

आता एक अवघड गोष्ट. पुष्कळांना हे सगळं बुद्धीला पटतं, तरी दार उघडवत नाही. दुधानं तोंड पोळलेलं असतं. आशा धरली आणि पुन्हा आपटलो तर? त्यापेक्षा आधीच वाईट धरून चालू, म्हणजे लागणार नाही. ही ढाल मी वर्षानुवर्षं वापरली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात हेच तपासलं होतं. वाईटाची अपेक्षा धरणारे वाट पाहतानाच्या काळात जास्त बेचैन राहिले, आणि वाईट घडल्यावर त्यांना कमी लागलं असं काही आढळलं नाही. वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. म्हणजे इतकी वर्षं मी आगाऊ हप्ते भरत होते, आणि कर्ज तेवढंच.

ज्यांचं माणूस गेलंय, त्यांचं अडणं याहून खोल असतं. पुन्हा हसणं त्यांना गेलेल्या माणसाशी बेइमानी वाटते. न्यूझीलंडच्या समुपदेशक लोइस टॉन्किन यांनी १९९६ मध्ये एका आईबद्दल लिहिलं, जिचं मूल गेलं होतं. तिने वर्तुळं काढून दाखवली. सुरुवातीला दुःखाने सगळं आयुष्यच व्यापलेलं. तिला वाटलं होतं, हे वर्तुळ हळूहळू लहान होईल. तसं झालं नाही. दुःख तेवढंच राहिलं आणि त्याच्याभोवती आयुष्य मोठं होत गेलं. बाबा गेल्यावर मला कुणी "विसर आता" म्हटलं की राग यायचा. या वर्तुळांनी मात्र मोठी सोय केली. बाबांना जागेवरून हलवायचं नाही, घर तेवढं वाढवायचं.

दार उघडं ठेवणं म्हणजे सुखाच्या मागे धावणं असं समजू नका. आयरिस मॉस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. आनंदी असणं किती महत्त्वाचं आहे हे ठसवणारा मजकूर काहींना आधी वाचायला दिला आणि मग आनंदी प्रसंगाची चित्रफीत दाखवली. त्यांनाच आनंद कमी झाला. सारखं नाडी बघत बसलं की असंच होतं. मी एवढंच करते, "आता माझ्याच्यानं काय होणार" हे तोंडाशी आलं की जीभ आवरते, आणि कुणी बोलावलं तर लगेच नाही म्हणत नाही.

आणखी एक, फार कळकळीने. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक उडाली असेल, तर तो तुमच्या विचारांचा दोष समजू नका. तो आजार असू शकतो, त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांकडे जा, एकट्याने जाववत नसेल तर कुणाला तरी सोबत घ्या.

गेल्या आठवड्यात मैत्रिणीने विचारलं, पोहायला शिकायला येतेस का? माझ्या वयाला, माझ्या पाठीला? मी "बघते" म्हणाले. त्या वहीच्या कुठल्याच रकान्यात पोहणं नव्हतं. आता कॅमेरा बंद करते आणि तिला फोन लावते.