चंद्र, फोन आणि मृगाचा पाऊस

मघाशी खानापूरच्या एका मामांनी विचारलं, "सर, अमावस्येला वारं फिरतंय, पाऊस बदलतोय, हे खरं काय?" नुसत्या हो-नाहीवर ते गप्प बसणार नाहीत, म्हणून आधी हा फोन बघा. यात हवेचा दाब मोजायची सोय आहे. फरशीवर ठेवला, आकडा बघितला. आता छातीपर्यंत उचलतो. दाब जेमतेम 0.14 हेक्टोपास्कलनं (हे दाबाचं माप) उतरला. चंद्र माथ्यावर असताना आणि क्षितिजाला टेकलेला असताना आपल्याकडच्या दाबात पडणारा फरक साधारण एवढाच. फरशी ते छाती!

तुमच्यातल्या निम्म्यांचे पाहुणे गोव्यात नाहीतर कारवारात. उधाणाची भरती तुम्ही डोळ्यांनी बघितलीय. तिथं चंद्राचा जोर सूर्याच्या दुपटीहून जास्त. मग हवेत तो एवढा दुबळा का? कारण हवेत सूर्य नुसता ओढत नाही, तो तापवतोही. वरचा ओझोन आणि खालची वाफ ऊन शोषतात, हवा फुगते, आणि दाबाची लाट दिवसातून दोनदा फिरते. सकाळी दहाच्या सुमारास दाब चढलेला, दुपारी चारला उतरलेला. फरक दोन-अडीच हेक्टोपास्कलचा. उघडीप असेल त्या दिवशी घरी फोनवर हे सहज दिसेल.

चंद्राची लाट मात्र अशी दिसत नाही. ती 12 तास 25 मिनिटांनी येते, म्हणजे रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा. महिनोन्‌महिने नोंदी ठेवायच्या, त्या घड्याळाऐवजी चंद्राच्या वेळेनं लावून सरासरी काढायची. मग सूर्य त्यात विरतो आणि चंद्र उरतो. लाप्लाससारख्या गणितज्ञानं पॅरिसच्या नोंदींत ती शोधली, पण हाती काही ठोस लागलं नाही. त्यात बिचाऱ्याचा दोष नव्हता. पॅरिस फार उत्तरेला; तिथं लाट क्षीण आणि हवामानाची उलथापालथ मोठी. 1847 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ एडवर्ड सबीन यांना ती सापडली सेंट हेलेना बेटावरच्या नोंदींत, म्हणजे उष्ण कटिबंधात. त्या दृष्टीनं आपलं बेळगावही बरं, फक्त नोंदी पावसाळा सोडून घ्या.

आता पाऊस. 2016 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या कोह्यामा आणि वॉलेस यांनी उपग्रहाच्या 15 वर्षांच्या नोंदी तपासल्या. चंद्र माथ्यावर असला की दाब किंचित चढतो, हवा दाबली जाऊन किंचित तापते, तापलेल्या हवेत वाफ जास्त मावते, म्हणून सापेक्ष आर्द्रता घटते आणि पाऊस कणभर कमी होतो. फरक सुमारे 1 टक्का. कणकुंबीला 100 मिलिमीटर कोसळला, तर हिशेबापुरता 1 मिलिमीटर चंद्राच्या नावावर टाका. छत्री घ्यायची की नाही, हे त्यावरून ठरणार नाही.

मामा, तुमच्या पंचांगालाही हे वेगळं वाटत नाही. पावसाआधी कोरड्या मातीत धूळवाफ पेरणी करून तुम्ही मृगाची वाट बघता. ते नक्षत्र चंद्राचं नव्हे. सूर्य मृगात शिरतो तो दिवस, जूनच्या 7-8 तारखेचा. तिथी चंद्राची, म्हणून गणपती कधी ऑगस्टात येतात, कधी सप्टेंबरात. मृग तसा सरकत नाही. तरणा पाऊस म्हणजे पुनर्वसू, म्हातारा पाऊस म्हणजे पुष्य, ही सगळी सूर्याचीच नक्षत्रं. अमावस्येला काय होतं ते मुलीच्या लग्नाचा मुहूर्त काढताना बघा. बी-बियाणं मृगाच्या आधी घरात आणून ठेवा.