व्हिएतनाममध्ये माणसाला दोनदा का पुरतात?

नमस्कार मंडळी! आपल्याकडे तिसऱ्या दिवशी सावडायला जातात. उत्तर व्हिएतनाममध्येही सावडतात, पण साधारण तिसऱ्या वर्षी. आणि तेही पुरलेली शवपेटी उघडून.

(पडद्यावर नकाशा)

हे हनोई आणि लाल नदीच्या खोऱ्यातलं. दक्षिणेत, सायगॉनकडे, बहुतेक जण एकदाच पुरतात. त्यामुळे 'व्हिएतनामी लोक असं करतात' असं सरसकट ठोकून देऊ नका.

या विधीला म्हणतात काय तांग. पाऊस सरला, थंडी पडली की पंचांग बघून दिवस ठरतो. काम मध्यरात्रीनंतर सुरू होतं आणि उजाडायच्या आत उरकतं, कारण हाडांवर ऊन पडू द्यायचं नसतं. उशीर झालाच तर वर ताडपत्री धरतात. थंडीत वासही कमी येतो, हेही आहेच!

उदबत्ती लावली, झाकण निघालं, की आत बऱ्याचदा काळं पाणी. भातशेतीचा प्रदेश, थोडं खणलं तरी पाणी लागतं. म्हणजे डोळ्यांचा उपयोग नाही, माणूस हाताने चाचपडत एकेक हाड वर काढतो. कवटी, मांडीची हाडं पटकन सापडतात. खरी परीक्षा बोटांची. मोठ्या माणसाच्या शरीरात 206 हाडं, त्यातली 106 नुसत्या हातापायांच्या पंजांत! घरचे लोक कडेला उभे राहून दातसुद्धा मोजून घेतात. एखादं राहिलं तर पुन्हा गाळ उपसायचा.

मग तांदळाची दारू, सुगंधी मसाल्यांचं पाणी. हाडं धुवायची, पुसायची आणि भाजक्या मातीच्या छोट्या पेटीत शरीराच्या क्रमाने रचायची. एका टोकाला कवटी, दुसऱ्या टोकाला पावलं. लांबी किती? मांडीचं हाड आरामात मावेल एवढी. लाल कापडात गुंडाळायचं आणि कायमच्या जागी पुरायचं.

एवढा खटाटोप का? कारण पहिलं दफन तात्पुरतं मानतात. मांस मातीत गेलं, हाडं स्वच्छ झाली, की पूर्वज नीट 'घरी' लागला. तिथे जुनी म्हणच आहे: माणूस थडग्यांच्या बळावर जगतो, वाटीभर भातावर नाही. घरात आजारपणं सुरू झाली, धंदा बसला, की पहिला संशय थडग्यावर. आणि उघडल्यावर हाडांभोवती लालसर रेशमी धाग्यांसारखे तंतू लपेटलेले दिसले तर? तो शुभशकुन! हात न लावता घाईने माती परत लोटायची.

उलटही होतं. शरीर कुजलेलंच नसतं. चिकट ओली माती, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं प्रेत. लोक शेवटच्या आजारातल्या औषधांनाही दोष देतात. मग काम करणाऱ्याला सुरीने मांस सोडवावं लागतं, किंवा पुन्हा झाकून वाट बघायची. म्हणून आता चार-पाच वर्षं थांबणारे बरेच. माझ्या मते या परंपरेला खरा धक्का इथूनच बसला, आधुनिक विचारांमुळे वगैरे नाही. त्यात शहरात जागा नाही. हनोईच्या व्हान दिएन दफनभूमीत 2010 पासून नवी प्रेतं पुरणं बंद झालं, आणि दहन करणाऱ्यांना पालिका पैसेही देते. दहन केलं की दुसऱ्या दफनाचा प्रश्नच उरत नाही.

पण ज्यांच्याकडे पुरायलाच काही नाही त्यांचं काय? युद्धात गेलेल्या जवळपास 2 लाख सैनिकांचे अवशेष अजून सापडलेले नाहीत, आणि सुमारे 3 लाख थडग्यांवर नावच नाही. ज्या समाजात बोटाचं पेरं राहिलं तर गाळ उपसतात, तिथे हे आकडे कसे बोचत असतील बघा. म्हणून सरकार आता नातेवाइकांचे डीएनए नमुने गोळा करतंय, आणि त्यात पहिला मान शहिदांच्या आयांचा. जुन्या हाडांत टिकून राहणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए आईकडूनच येतो, आणि या आयांची वयं आता नव्वदीच्या आसपास आहेत.