काठ असलेला दिवस

नमस्कार श्रोतेहो.

"काल काय केलंत?" असं कुणी विचारलं की आपण "काही विशेष नाही" म्हणून मोकळे होतो. त्या 'काही विशेष नाही'मध्ये घर झाडून झालेलं असतं, भांडी घासून झालेली असतात, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या कपाटात गेलेल्या असतात. थोडं चालणं झालेलं असतं, चार पानं वाचून झालेली असतात आणि रात्री एखाद्या जुन्या मालिकेचा एक भाग पाहून झालेला असतो. मला आज याच दिवसाबद्दल बोलायचं आहे. मला तो फार प्रिय आहे, कारण त्यातल्या प्रत्येक गोष्टीला काठ आहे. ती सुरू होते आणि संपते.

माझी सकाळ घरकामाची. त्यातही फरशी पुसणं माझ्या विशेष आवडीचं. खिडकीकडून सुरुवात करायची आणि मागे सरकत सरकत दाराशी यायचं, म्हणजे ओल्यावर आपलेच पाय उमटत नाहीत. फडकं पिळताना पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं. दाराशी पोचलं की जरा खाली वाकून तिरक्या नजरेनं बघायचं. ओल्या फरशीवर उजेड चमकतो आणि मध्येच एक कोरडा पट्टा राहिलेला स्पष्ट दिसतो. तेवढा पुसायचा, पंखा लावायचा आणि वाळेपर्यंत खोलीत पाऊल टाकायचं नाही. घरकाम कधी संपत नाही असं म्हणतात. उद्या ते पुन्हा पुढ्यात येतं, हे खरंच आहे. पण आजचं काम आज संपतं, डोळ्यांना दिसेल असं संपतं. दिवसातल्या किती कामांबद्दल असं म्हणता येईल?

आणि हे शरीराच्या खात्यावरही जमा होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी. आधीच्या, म्हणजे 2010 च्या शिफारशीत एक अट होती. हालचाल सलग दहा मिनिटांची तरी हवी, तरच ती धरायची. 2020 मध्ये ती अट काढून टाकली. जिना चढणं, बादली उचलणं, जोर लावून घासणं-पुसणं, सगळं हिशेबात आलं. घरकाम करणाऱ्यांच्या श्रमाला किती उशिरा हा मान मिळाला, असं मला ते वाचताना वाटलं.

या विषयातलं एक जुनं संशोधन मला फार आवडतं. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर ड्रायव्हर दिवसभर बसून असायचा आणि कंडक्टर तिकिटं देत जिना चढत-उतरत राहायचा. ब्रिटिश डॉक्टर-संशोधक जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोघांच्या हृदयविकाराची तुलना केली आणि 1953 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कंडक्टरांना हृदयविकार कमी होता, आणि झालाच तर तो उशिरा व्हायचा. गोष्ट इथेच थांबवली असती तरी चाललं असतं. पण मॉरिस यांनी पुढे गणवेशाच्या विजारींची मापंसुद्धा तपासली. ड्रायव्हरांच्या कमरेचा घेर तरुण वयापासूनच जास्त निघाला. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नव्हतं, आणि त्यांनी ते तसं मांडलंही. स्वतःच्या निष्कर्षाची अशी उलटतपासणी घेणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो. चालण्याफिरण्याचे फायदे सांगणारे पुष्कळ भेटतात, विजारींची मापं काढणारा एखादाच.

माझा व्यायाम अगदी साधा आहे. भरभर चालायचं. किती भरभर, तर बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतकं. मग घरी येऊन भिंतीजवळ एका पायावर उभं राहायचं. हे करून बघा, मंडळी. घोट्याच्या आत बारीक बारीक हालचाल सतत चालू असते, बोटं जमीन पकडू बघतात. डोळे मिटले तर तोल लगेच डळमळतो, कारण शरीर सावरण्यात डोळ्यांचा वाटा मोठा असतो. म्हणून हात भिंतीजवळच ठेवायचा. पासष्टीच्या पुढच्यांनी तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम आठवड्यातून निदान तीन दिवस करावेत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच मार्गदर्शनात सांगितलं आहे. पडण्याचा धोका त्याने कमी होतो.

दुपार वाचनाची. "माझं वाचन फार हळू आहे हो," असं सांगताना लोक उगाच ओशाळतात. वाचताना डोळे ओळीवरून सरळ सरकत नाहीत. ते उड्या मारतात, साधारण पाव सेकंद एका जागी टेकतात आणि पुढची उडी घेतात. चांगल्या वाचकाच्याही दर दहा उड्यांमधली एखादी मागे जाते, निसटलेलं पकडायला. मागे वळणं हा वाचनाचाच भाग आहे. मी तर एखादा परिच्छेद मोठ्याने पुन्हा वाचतो. प्रकरण संपलं की पुस्तक मिटतो, पुढचं कितीही खुणावत असलं तरी.

आता रात्र, आणि जुना टीव्ही.

जुनं टेलिव्हिजन बघतो म्हटलं की लोक त्याला आठवणींत रमणं समजतात. माझ्या मनात त्यापेक्षा वेगळं काही आहे. ते टेलिव्हिजन स्वतःच काठ असलेलं होतं. बीबीसीने 2 नोव्हेंबर 1936 ला लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित प्रक्षेपण सुरू केलं, तेव्हा दुपारी एक तास आणि रात्री एक तास, बस. रविवारी सुट्टी. पुढे तास वाढले, तरी ब्रिटनमध्ये 1957 च्या फेब्रुवारीपर्यंत संध्याकाळी सहा ते सात टीव्ही बंदच असायचा. लहान मुलांना त्या वेळात झोपवता यावं, हा हेतू. पडदा स्वतःहून तासभर घराला मोकळीक देत होता! आज एक भाग संपायच्या आत दुसरा सुरू होतो, आणि थांबवायचं काम आपल्यावर येतं.

जुना भाग लावला की रुंद पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात, कारण तेव्हाचं चित्र चारास तीन या प्रमाणात असायचं. स्टुडिओत उभारलेल्या घराचं दार जोरात लावलं की भिंतही हलकेच थरथरते. कॅमेरा एखाद्या चेहऱ्यावर इतका वेळ थांबतो की त्या नटाने श्वास घेतलेला दिसतो. पुष्कळसे कार्यक्रम थेट चालायचे. चुकलं तर चुकलं, आणि बघणाऱ्याचा हुकला तर हुकला. एकदाच होणाऱ्या गोष्टीला जितकं लक्ष द्यावं तितकं दोन्हीकडून दिलं जायचं. मी अजूनही तसंच बघतो. हातात कपडे नाहीत, घड्या आधीच झालेल्या असतात.

एकदाच दाखवायचं, या समजुतीची किंमतही मोठी मोजली गेली. चित्रफीत, म्हणजे व्हिडिओ टेप, आली 1956 मध्ये, अमेरिकेतल्या अँपेक्स कंपनीची, दोन इंच रुंद आणि महागडी. ती पुसून पुन्हा वापरता यायची, आणि अनेक ठिकाणी तशीच वापरली गेली. 'आय लव्ह ल्युसी' ही मालिका 1951 पासून फिल्मवर चित्रित झाली होती, म्हणून ती जशीच्या तशी राहिली. बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा मालिकेचे 1960 च्या दशकातले कितीतरी भाग मात्र फिती पुसल्याने आणि प्रती टाकून दिल्याने गेले. चंद्रावरच्या पहिल्या पावलाचं चित्र ज्या मूळ फितींवर उतरलं होतं, त्यासुद्धा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष नासाला 2009 मध्ये जाहीर करावा लागला. सुदैवाने टीव्हीवर दाखवलेल्या चित्राच्या प्रती शिल्लक होत्या.

पण 'डॉक्टर हू'च्या त्या हरवलेल्या भागांचा आवाज आहे. सगळ्या भागांचा आहे. प्रेक्षकांपैकी काही जणांनी घरच्या ध्वनिमुद्रकावर तो टिपून ठेवला होता. त्यांच्या लेखी ती एक साधी संध्याकाळ होती. कामं आटोपलेली, घर टीव्हीसमोर बसलेलं, आणि कुणीतरी ध्वनिमुद्रक चालू करून इतरांना गप्प बसायला सांगितलेलं. त्या ध्वनिफितींवरून पुढे काही भागांची चित्रं नव्याने रेखाटली गेली. माझ्या रात्रीच्या टीव्हीच्या वेळात मी असा एखादा भाग चित्रांशिवाय, नुसता ऐकतो. दार उघडल्याचा आवाज येतो, पावलं वाजतात, आणि कोण आत आलं ते आपण ओळखायचं असतं. रेडिओ ऐकणाऱ्या तुम्हा मंडळींना त्याची सवय आहेच. मिळाला तर जरूर ऐका. नमस्कार.