ओतण्याआधी कुणाला माहीत होतं?

नमस्कार मंडळी. समोर कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींतले सुपरवायझर बसलेत, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतली मंडळी आहेत, शिवाजी उद्यमनगरातले छोटे कारखानदारही दिसतायत. त्यामुळे टीमवर्कवर बोलताना मी एसी ऑफिसातली उदाहरणं घेणार नाही. फौंड्रीचंच बोलू, जिथं धातू वितळवून साच्यात ओततात आणि कास्टिंग म्हणजे ओतीव भाग बनवतात.

एसजी आयर्नचं घ्या, म्हणजे ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतं ते मजबूत ओतीव लोखंड. भट्टीतून धातू काढला, मॅग्नेशियमची ट्रीटमेंट दिली, की वेळ मोजायला लागते. मॅग्नेशियमचा परिणाम मिनिटागणिक उतरत जातो. साधारण 10 मिनिटांत ओतलं नाही तर ग्रॅफाइटचे गोळे नीट बनत नाहीत. कास्टिंग वरून छान दिसतं, आतून मात्र ताकद गेलेली असते. आता समजा, मोल्डिंगची, म्हणजे वाळूचे साचे बनवायची लाइन अडकली आणि भट्टीवाल्याला ते कुणी कळवलंच नाही. त्यानं आपलं काम चोख केलं, वेळेत हीट, म्हणजे वितळलेल्या धातूची खेप काढली. मोल्डिंगवाला घाम गाळून लाइन दुरुस्त करतोय. दोघंही मेहनती, दोघंही जाणकार, आणि इकडं लॅडलमधला, ओतायच्या बादलीतला धातू वाया चाललाय. आळशी म्हणून बोट कुणाकडं दाखवणार? बिघाड दोन खात्यांच्या मध्ये झालाय. तिथं वाईट बातमी किती लवकर आणि किती बिनधास्त पोचते, त्यावर मी टीम चांगली की वाईट ते ठरवतो. बाकी सगळं त्यानंतर.

रिजेक्शनची मीटिंग आठवा. ब्लो होल आला, म्हणजे गॅस अडकून कास्टिंगमध्ये पोकळी राहिली. मोल्डिंग खातं म्हणतं, कोअर, म्हणजे पोकळ भागासाठी साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा, नीट भाजला नव्हता. कोअर शॉप म्हणतं, वाळूत पाणी जास्त होतं. वाळूवाला म्हणतो, धातूच थंड ओतला. तिघांचंही म्हणणं शास्त्राला धरून आहे, कारण या तिन्ही गोष्टींनी गॅस अडकतो. म्हणूनच हा वाद कधी मिटत नाही. प्रत्येकाच्या हातात खरं वाटणारं कारण असतं. त्यात दोष पुष्कळदा गिऱ्हाइकाकडं मशीनिंग झाल्यावर उघडा पडतो, तोवर त्या दिवशीची वाळू कशी होती हे कुणाच्या ध्यानात नसतं.

पण त्या दिवशी कुणाला तरी माहीत होतं. मिक्सरपाशी उभ्या असलेल्या हेल्परनं वाळू मुठीत दाबून बघितली होती. त्याला ती ओली लागली. तो बोलला नाही.

तो का बोलला नाही, याकडं आपण लक्षच देत नाही. एमी एडमंडसन या हार्वर्डच्या अभ्यासक. 1990 च्या दशकात त्या रुग्णालयांतल्या टीम्समध्ये औषधं देताना होणाऱ्या चुका तपासत होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील असा अंदाज होता. आकडे उलटे आले. ज्या टीम्स चांगल्या चालल्या होत्या, तिथं चुकांची नोंद जास्त! त्या खोलात गेल्या तेव्हा लक्षात आलं, की तिथली माणसं चूक झाली की उघड सांगत होती. दुसरीकडं ती झाकली जात होती. पुढं 1999 मध्ये त्यांनी एका उत्पादन कंपनीतल्या टीम्सचा अभ्यास प्रसिद्ध केला. जिथं बोलल्यावर आपला अपमान होणार नाही अशी खात्री माणसांना होती, त्या टीम शिकत होत्या आणि कामही चांगलं करत होत्या. रिजेक्शनचे आकडे बघताना हे ध्यानात ठेवा. एखाद्या शिफ्टमध्ये तक्रारच येत नसेल तर मला तरी त्या शिफ्टची आधी काळजी वाटते.

हेल्पर पहिल्यांदा बोलायला येतो तेव्हा सुपरवायझर काय म्हणतो, त्यावर पुढचं सगळं ठरतं. 'तुला कुणी इचारलंय रं?' एवढं एकच वाक्य. तो माणूस पुन्हा तोंड उघडत नाही, आणि हे ऐकणारे आजूबाजूचे चौघंही उघडत नाहीत. टोयोटाच्या कारखान्यात लाइनवरच्या कुठल्याही कामगाराला दोरी ओढून अडचण कळवता येते, हे तुमच्यापैकी अनेकांनी ट्रेनिंगमध्ये ऐकलं असेल. दोरीबद्दल सगळे सांगतात. दोरी ओढल्यावर टीम लीडर धावत तिथं येतो आणि ठरलेल्या वेळेत अडचण सुटली नाही तरच लाइन थांबते, हा भाग राहून जातो. माणूस मदतीला येतो म्हणून त्या दोरीला किंमत आहे. आपल्याकडं नुसती दोरी लावून भागणार नाही.

आता जरा अवघड विषय. आपल्या फौंड्र्यांत फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करायला), नॉकआउटला (साचा फोडून कास्टिंग काढायला), मोल्डिंगला कोण आहे? बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली पोरं. ठेकेदाराची माणसं. रिजेक्शनच्या मीटिंगला त्यांच्यातलं कुणी असतं का? फेटलिंगवाला रोज शेकडो कास्टिंग हाताखालून घालतो. कुठल्या बाजूला वाळू चिकटून येते, कुठं फ्लॅश, म्हणजे सांध्यातून बाहेर आलेला जादा धातू जास्त येतो, साचा ज्यावरून घेतात तो पॅटर्न कधीपासून झिजलाय, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. त्याला विचारणारं कुणी नाही, कारण तो 'आपला' नाही. मला हे फार चुकीचं वाटतं. ज्याच्या हातातून माल जातो तो टीमचा माणूस, मग पगार कुणाकडून का मिळेना. भाषेची अडचण सांगू नका. दोषाचे नमुने एका फळीवर मांडा, तो बोट ठेवून दाखवेल.

माणसं वाढवून काम सुटतं हा समजही सोडा. रिंगेलमान या फ्रेंच शेती अभियंत्यानं दोर ओढायचे प्रयोग केले, ते 1913 मध्ये छापून आले. आठ जण मिळून ओढायला लागले की प्रत्येकाची ओढ एकट्यानं ओढण्याच्या निम्म्यावर आली. काही ताळमेळ बसत नाही म्हणून, काही माझं ओढणं कुणाला दिसत नाही म्हणून. डिस्पॅच रखडलं की आपण चार माणसं वाढवतो. त्या चौघांचं काम नेमकं काय, हे सांगितलं नसेल तर गर्दी तेवढी वाढते.

पन्हाळ्याला सहल काढा, तांबडा-पांढरा रस्सा करा, जरूर करा. माणसं हसली-बोलली तर चांगलंच आहे. पण सोमवारी त्याच सुपरवायझरनं तेच उत्तर दिलं तर सहलीचा उपयोग नाही.

त्यापेक्षा शिफ्ट बदलायची वेळ सुधारा. जाणारा सुपरवायझर बस चुकू नये म्हणून पंचिंगकडं पळतो, येणारा अजून हेल्मेट शोधत असतो. साच्यांच्या कुठल्या पेट्या संशयाच्या आहेत, कुठल्या पॅटर्नची पिन सैल झालीय, वाळू कशी चाललीय, हे दोघांनी जागेवर उभं राहून बोलायला 10 मिनिटं लागतात. तेवढं बोर्डावर खडूनं लिहा. आणि ती 10 मिनिटं पगारात धरा. फुकटात मागितलेली जबाबदारी चार दिवस टिकते, पाचव्या दिवशी बोर्ड कोरा असतो.

मघाशी एका भाऊंनी विचारलं, मालकच ओरडत असतील तर आम्ही काय करायचं? मालकांना मानसशास्त्र सांगायला जाऊ नका. एका महिन्याच्या रिजेक्शनची वही घ्या. नाकारलेलं कास्टिंग परत वितळतं, म्हणून आपण नुकसान कमी धरतो. पण त्यावर खर्च झालेली वीज, वाळू, मजुरी, भट्टीची वेळ यातलं काही परत येत नाही. ते रुपयांत मांडा. मग प्रत्येक नोंदीपुढं एक रकाना वाढवा: ओतण्याआधी हे कुणाला माहीत होतं का? नाव लिहायचं नाही, फक्त हो किंवा नाही. महिनाअखेर 'हो'च्या नोंदींची रक्कम तेवढी वेगळी काढून त्यांच्या टेबलावर ठेवा. हा रकाना भरायला मात्र तुम्ही स्वतः मिक्सरपाशी, फेटलिंगच्या शेडमध्ये जायचं. केबिनमध्ये बोलावून विचारलं तर 'नाही साहेब' एवढंच उत्तर मिळेल.