उत्तर भिंतीवरच हवं

(पुण्याच्या जुन्या पेठांमधून मोबाइल ॲपच्या मदतीने स्वतःच फिरण्याच्या 'ट्रेझर हंट'विषयी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याला किती खिळे आहेत, असं मी आत्ता विचारलं तर निम्मे लोक फोन काढतील आणि अर्ध्या मिनिटात सांगतील, एका कवाडावर बहात्तर. नवाच्या आठ रांगा. उत्तर बरोबर आहे. पण ते मिळवायला कुणाला खुर्चीतून उठावं लागलं नाही. ज्याचं उत्तर बसल्या जागी मिळतं, त्या प्रश्नासाठी माणसाला भर उन्हात शनिवारवाड्यापर्यंत चालवायचं कशाला?

आता दुसरा प्रश्न घ्या. मोठं दार बंद आहे असं समजा. कवाडात एक छोटी दिंडी आहे, तिच्यातून आत जायचं आहे. आत शिरताना अंगाचं काय करावं लागतं? आणि आत पाऊल टाकल्यावर सरळ जाता येतं, की लगेच कुठल्या तरी हाताला वळावं लागतं? याचं उत्तर मी इथे सांगणार नाही. तिथे उभं राहिलं की डोक्याच्या आधी खांद्यांना आणि पायांना ते कळतं. वेगाने आत घुसणाऱ्या फौजेचं त्या वळणावर काय झालं असतं, तेही मग समजावून सांगावं लागत नाही. खिळे हत्तीच्या कपाळाच्या उंचीपर्यंत का ठोकलेत, हे दारापुढे मान वर केल्याशिवाय नीट उमगत नाही.

गेली काही वर्षं आम्ही काही जण मिळून पुण्याच्या पेठांसाठी असे क्लू लिहितो आहोत. पद्धत साधी आहे. ॲप तुम्हाला एक क्लू देतं. त्यावरून जागा ओळखायची, चालत तिथे जायचं, तिथलं काहीतरी शोधून उत्तर लिहायचं, की पुढचा क्लू उघडतो. गाइड नाही, ठरलेली वेळ नाही, वीस जणांच्या घोळक्यामागे धावणं नाही. आजीला दम लागला तर ओट्यावर टेकता येतं, मुलांना भूक लागली तर मध्ये थांबून खाता येतं. शहर आपल्या चालीने बघण्याची ही मुभा मला फार मोलाची वाटते.

हा खेळ काही आजचा नाही. इंग्लंडच्या डार्टमूरमध्ये १८५४ साली एका वाटाड्याने दुर्गम दलदलीत एक बरणी ठेवली, तिथवर पोचणाऱ्याने आपलं कार्ड तिच्यात टाकायचं, अशी त्याची सुरुवात सांगतात. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये, म्हणजे उपग्रहांवरून जागा सांगणाऱ्या यंत्रणेत, मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, आणि एक-दोन दिवसांतच ओरेगनच्या रानात कुणीतरी एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. जिओकॅशिंग तिथून सुरू झालं. २०१६ मध्ये पोकेमॉन गो हा मोबाइलवरचा खेळ आला, तेव्हा फोन हातात धरून रस्तोरस्ती फिरणारी माणसं आपणही पाहिली. ती फिरत होती हे चांगलंच झालं. मात्र त्यांना हवी असलेली वस्तू पडद्यावर होती. समोरची इमारत निमित्तापुरती. आमच्या कामात मी एकच कसोटी लावते. क्लू वाचून झाला की फोन खिशात गेला पाहिजे, आणि उत्तर भिंतीवर, दगडात, लाकडात किंवा तिथल्या माणसाच्या तोंडी सापडलं पाहिजे.

या कसोटीला तंत्राचीही बाजू आहे. तुम्ही ठिकाणावर पोचलात हे ॲपला बहुधा जीपीएसवरून कळतं. फोनला किमान चार उपग्रहांचे संदेश लागतात, आणि मोकळ्या आकाशाखाली जागा साधारण पाच मीटरच्या आत नक्की होते. मंडईच्या अष्टकोनी मनोऱ्याभोवती हे छान चालतं. कसब्यातल्या बोळात मात्र दोन्ही बाजूंना उंच भिंती, वर आभाळाची एक पट्टी. संदेश भिंतींवर आपटून उशिरा पोचतो आणि फोन तुम्हाला शेजारच्या आळीत नेऊन उभं करतो. माणूस दारात उभा आणि ॲप म्हणतं, अजून पोचला नाहीत. म्हणून पेठांमध्ये 'पोचलात की उघडेल' ही रचना आम्ही सोडून दिली. उत्तर लिहा, की उघडेल. ते फक्त तिथेच दिसत असेल तर तुम्ही पोचलात याचा आणखी पुरावा लागत नाही.

उत्तर लिहून घ्यायचं म्हटलं की मराठीचा प्रश्न येतो. कुणी 'तीन' लिहितं, कुणी '३', कुणी इंग्रजी आकडा. 'सुरू' की 'सुरु', यावर कुटुंबात वाद होतात. आणि 'पायऱ्या' हा शब्द तर संगणकात दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी साठवला जातो. पडद्यावर अक्षर अगदी एकसारखं दिसतं, पण यंत्राच्या लेखी ते दोन निराळे शब्द. सातवीतली मुलगी मन लावून पायऱ्या शोधते, बरोबर उत्तर लिहिते आणि ॲप तिला 'चूक' म्हणतं, यासारखा अन्याय नाही. त्यामुळे प्रत्येक उत्तराची सगळी संभाव्य रूपं आधी भरून ठेवावी लागतात. मराठीतून असं काही करणाऱ्या प्रत्येकाने हे काम करावं, ही माझी कळकळीची विनंती आहे. ते केलं नाही तर लोक इंग्रजीत खेळू लागतात.

आता मी तुम्हाला माझ्या सगळ्यात आवडत्या थांब्यावर नेते. सोमवार पेठेत, नागझरी ओढ्याजवळ, त्रिशुंड गणपतीचं देऊळ आहे. भीमजीगिरी गोसावींनी ते १७५४ मध्ये बांधायला घेतलं आणि १७७० मध्ये ते पूर्ण झालं. आपल्याकडची पेशवेकालीन देवळं बहुधा साधी असतात. इथे मात्र काळ्या दगडाचा दर्शनी भाग कोरीवकामाने नुसता भरून गेलेला आहे. आतली मूर्ती तीन सोंडांची, आणि ती उंदरावर नाही, मोरावर बसलेली.

लोक सोंडा बघायला येतात आणि दर्शन घेऊन निघून जातात. आमचा क्लू त्यांना दाराबाहेरच थांबवतो. 'सह्याद्रीच्या रानात ज्याला कुणी पाहिलं नाही, असा प्राणी या भिंतीवर बांधलेला आहे. तो शोधा, आणि त्याला कोण बांधतंय ते त्याच्या पोशाखावरून सांगा.' पाच-दहा मिनिटं डोळे भिंतीवरून फिरत राहतात. हत्ती दिसतात, पोपट दिसतात, आणि मग सापडतो गेंडा. त्याला साखळदंडाने जखडणारा शिपाई आपल्याकडचा नाही. तो गोरा, कंपनीचा. अभ्यासक याचा संबंध बंगाल आणि आसामकडच्या मुलखावर इंग्रजांनी बसवलेल्या अंमलाशी लावतात. प्लासीची लढाई १७५७ ची, म्हणजे देवळाचं काम चालू असतानाची. शनिवारवाड्यावरून तेव्हा उत्तर हिंदुस्थानच्या मोहिमा हलत होत्या. इंग्रज पुण्याच्या राज्यकारभाराचा धनी व्हायला अजून साठेक वर्षं होती. पण सोमवार पेठेतल्या एका पाथरवटाच्या छिन्नीपर्यंत बंगालची बातमी पोचलेली होती.

हे एखाद्या फलकावर लिहून ठेवलं असतं तर लोकांनी वाचलं असतं आणि पुढे गेले असते. गेंडा स्वतः शोधलेला माणूस तसा जात नाही. तो विचारतो, हा इथे का? पुढचा क्लू त्याला गाभाऱ्याकडे नेतो. तिथे तीन शिलालेख आहेत, दोन संस्कृतात, एक फारसीत. 'तीनही एकाच लिपीत आहेत का?' एवढंच आम्ही विचारतो. गोसाव्याने बांधलेल्या गणपतीच्या देवळात फारसी कशाला, हा प्रश्न आम्ही लिहीत नाही. तो आपोआप पडतो, आणि घरी जाताना सोबत जातो.

इथून परत कसब्यात आलं की तांबट आळी. हिचा क्लू कानांसाठी आहे: आवाजाच्या दिशेने चला. तांबे-पितळेच्या भांड्याला आकार दिल्यावर त्यावर जवळजवळ घाव घालून जे ठसे उमटवतात, त्याला मठारकाम म्हणतात. त्याने धातू कणखर होतो आणि भांडं उजेडात लखलखतं. 'कारागिराची परवानगी घेऊन भांड्यावरून बोट फिरवा. ठशांच्या रांगा आडव्या आहेत, उभ्या आहेत, की गोल फिरत गेल्या आहेत?' याचं उत्तर विचारल्याशिवाय मिळत नाही. आणि एकदा विचारलं की गप्पा निघतात, कुणी चुलत्याचं दुकान दाखवतं, कुणी हातोडे दाखवतं. काम चालू असताना मध्येमध्ये करू नका, फोटो विचारून काढा, एवढी सूचना ॲपमध्ये ठळक अक्षरांत आहे. ही पोटापाण्याची जागा आहे, हे पाहुण्यांनी विसरता कामा नये.

याच कारणाने दोन गोष्टींना मी ठाम नकार देते. एक म्हणजे घड्याळ. सगळ्यात आधी पोचेल त्याला जास्त गुण, असं ठेवलं की मुलं लक्ष्मी रोड धावत ओलांडतात. दुसरी, राहत्या वाड्यांचे चौक. एखाद्या वाड्याच्या आतल्या तुळयांवर कितीही सुंदर काम असो, तिथे कुणाच्या दोऱ्यांवर धुणं वाळत असतं, कुणी आजारी झोपलेलं असतं. लाकूडकाम पाहायचं तर विश्रामबागवाडा आहे. १८०७ मध्ये दुसऱ्या बाजीरावासाठी बांधलेला, १८७९ च्या आगीत पूर्वेची बाजू गमावून लोकवर्गणीतून पुन्हा उभा राहिलेला. सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब तिथे मनसोक्त न्याहाळता येतात, कुणाची झोपमोड होत नाही.

पुण्याचं एक भाग्य असं की क्लू लिहायचं अर्धं काम इथल्या नावांनीच करून ठेवलं आहे. पासोड्या विठोबा, जिलब्या मारुती, डुल्या मारुती, सोट्या म्हसोबा, गुपचुप गणपती, खुन्या मुरलीधर. मुलांना नुसती यादी दिली तरी ती निघतात शोधायला. आठवड्याच्या साती वारांच्या पेठा आहेत. एका सकाळी सोमवार ते रविवार चालून दाखवा, हे कोडं त्यांना सर्वांत आवडतं.

मला स्वतःला ओढ आहे ती हौदांची. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून बंद नळाने शहरात पाणी आणलं. वाटेत हवा बाहेर पडावी म्हणून उच्छ्वास बांधले, आणि पेठापेठांत हौद. काळा हौद, फडके हौद, बदामी हौद. आज फडके हौद चौकात उभे राहा. रिक्षा आहेत, दुकानं आहेत, हौद नाही. 'या चौकातली कोणती गोष्ट फक्त नावात उरली आहे?' असा आमचा क्लू आहे. उत्तर मिळाल्यावर ॲप कात्रजच्या नळाचा नकाशा दाखवतं. रोज नळ सोडून आपण ज्या शहरात पाणी भरतो, त्या शहराने अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी ते डोंगरातून उताराच्या जोरावर आणलं होतं, हे त्या गोंगाटात उभं राहून कळणं वेगळं असतं.

नावसुद्धा कधीकधी निसटतं. बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीच्या समोर, भिडेवाडा होता. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती तिथे. मोडकळीला आलेली ती इमारत राष्ट्रीय स्मारक बांधण्यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडली. स्मारक व्हायलाच हवं. पण शहर असं बदलत असताना फोनमधले क्लू आपोआप बदलत नाहीत. भिंत गेली की उत्तर जातं, आणि कुणीतरी तिथे जाऊन, बघून, क्लू नव्याने लिहावा लागतो. म्हणून आमच्यात प्रत्येक पेठेला एक पालक असतो. तो अधूनमधून आपला मार्ग चालून येतो आणि काय रंगवलं, काय पाडलं, कुठे कुलूप लागलं, ते कळवतो. हे काम ॲप बनवण्यापेक्षा जास्त कष्टाचं आहे, आणि त्याचे पैसे कुणी देत नाही.

पुण्याबाहेरच्या लोकांनीही हे करावं. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर तिथल्या मराठा सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून ठेवला आहे. तिथे जाणाऱ्या मराठी पाहुण्याला एकच क्लू पुरे: या भिंतीवर तुला वाचता येईल असं काय आहे? पुढचा सगळा वेळ तो तिथेच वाचत उभा राहील.

आता पालकांविषयीच शेवटचं बोलते, कारण त्यासाठीच मुख्यतः आज आले आहे. गंज पेठेचा मार्ग अजून पुरा झालेला नाही. तिथे महात्मा फुल्यांचा वाडा आहे. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला तो तिथला. शहरातल्या पेशवाई हौदांवरून निघालेला मार्ग या हौदाशी नेऊन पोचवायचा आहे. म्हणजे पाणी आलं कुठून, एवढंच विचारून थांबता येणार नाही. ते कुणाला भरू दिलं जात होतं आणि कुणाला नाही, हेही विचारावं लागेल. ते क्लू लिहायला त्या भागात वाढलेली, तिथल्या गल्ल्या पाठ असलेली माणसं मला हवी आहेत. फोन वापरता आला नाही तरी चालेल, ते आम्ही बघतो. ज्यांना यायचं आहे त्यांनी बाहेरच्या वहीत नाव लिहून ठेवा. आणि तुमचे प्रश्न असतील तर मी इथेच आहे.