२०० मिनिटांची वाटणी

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो, पण कोण किती वेळ खेळणार याची आकडेमोड उन्हाळ्यातच रंगते. बहुतेक जण प्रत्येक खेळाडूचा सुटा विचार करून त्याच्या नावापुढे मिनिटं मांडत जातात आणि शेवटी बेरीज २३०-२४० भरते. सामना ४० मिनिटांचा, मैदानावर एका वेळी पाच जण; म्हणजे वाटायला २०० मिनिटंच आहेत. एकाला चार मिनिटं वाढवलीत, तर ती कुणाच्या खात्यातून काढली हे तिथल्या तिथे लिहा.

सुरुवात कोचपासून करा. त्याच्या मागच्या चार-पाच हंगामांत, कॉन्फरन्समधल्या (म्हणजे आपल्या गटातल्या कॉलेजांविरुद्धच्या) सामन्यांत, किती जण दहा मिनिटांच्या वर खेळले ते मोजा. सात जणांवर भागवणारा कोच हाताशी अकरा गुणी पोरं आली म्हणून अकरा जणांना खेळवत नाही. ठळक अपवाद केंटकी विद्यापीठाच्या २०१४-१५च्या संघाचा. कोच जॉन कॅलिपारी यांनी पाच-पाच जणांच्या दोन तुकड्या आलटून पालटून उतरवल्या. डिसेंबरात अ‍ॅलेक्स पॉयथ्रेसचा गुडघा गेल्यावर ती पद्धत मोडली, तरी कार्ल-अँथनी टाउन्सची सरासरी २१ मिनिटांच्या आसपासच राहिली. एनबीए या व्यावसायिक लीगच्या २०१५च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, मात्र पहिला निवडला गेला तो हाच.

मग जागांनुसार हिशेब: गार्डच्या (चेंडू हाताळून खेळ रचणाऱ्यांच्या) दोन जागांची ८० मिनिटं, फॉरवर्डच्या (बाजूने आणि बास्केटजवळ खेळणाऱ्यांच्या) दोन जागांची ८०, सेंटरची (बास्केटखाली खेळणाऱ्या उंच खेळाडूची) ४०. समजा गार्ड चार आहेत. अनुभवी पॉइंट गार्ड ३३, दुसरा जुना गार्ड २८, ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) आलेला ३०, पहिल्या वर्षाचा १५. बेरीज १०६, म्हणजे २६ जास्त. जुना गार्ड सहा फूट पाच इंचांचा असेल आणि समोरच्या फॉरवर्डला अडवू शकत असेल, तर त्याची १० मिनिटं तिकडे सरकवा. अर्थात तिकडच्या ८०मध्ये ती बसली पाहिजेत. उरली १६. पोर्टलमधून आलेल्याचे ३० आधी तपासा. लहान कॉन्फरन्समधल्या कमकुवत संघात तो खूप खेळला, कारण तिथे त्याच्या जागी उतरवायला दुसरं कुणी नव्हतं. त्याला २४ द्या, नवख्याला ८, जुन्या गार्डला २५ (त्यातली १० फॉरवर्डच्या खात्यात). हिशेब जुळला.

सेंटरचं गणित फाउलवर चालतं. ४० मिनिटांमागे सहा फाउल करणारा खेळाडू ३३ मिनिटांच्या सुमाराला पाचवा फाउल करून बाहेर जाईल, असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात तेवढंही मिळत नाही. पहिल्या हाफमध्ये दोन फाउल झाले की बरेच कोच त्याला मध्यंतरापर्यंत बेंचवर बसवतात. अशाला २२ ते २५च धरावीत. म्हणूनच दुसरा सेंटर साधारण असला तरी १५ मिनिटं खेळतो, आणि नेमका तोच अंदाजांतून सुटतो.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे छापील सरासरी. ती खेळाडू ज्या सामन्यांत उतरला तेवढ्यांवरच काढलेली असते. ३२ सामन्यांपैकी २० सामन्यांत ३० मिनिटं खेळलेल्याची सरासरी ३० दिसते, पण हंगामाच्या १२८० मिनिटांपैकी तो ६००च खेळला. सामन्यामागे १९ सुद्धा नाहीत. त्यामुळे अंदाज हंगामाच्या एकूण मिनिटांच्या टक्केवारीत मांडावा, आणि दुखापतीतून परतणाऱ्याचे किती सामने हुकतील ते आधीच वजा करावं. मागच्या हंगामातून संघात टिकलेल्या खेळाडूंच्या मिनिटांवर विसंबण्याची जुनी पद्धत आता तोकडी पडते. २०२१पासून पहिल्यांदा कॉलेज बदलल्यावर वर्षभर बाहेर बसावं लागत नाही, आणि २०२४पासून पुढच्या बदल्यांनाही, अभ्यासाच्या अटी पाळल्या तर, तीच सवलत आहे. निम्मा संघ नवा असणं हे आता नेहमीचंच झालं आहे.

सहा-आठ सामने झाले की कागद पुन्हा काढा. सरासरीपेक्षा एक गोष्ट बघा: फरक दहा गुणांच्या आत असताना शेवटच्या आठ मिनिटांत कोणते पाच जण मैदानावर होते. दुबळ्या संघांविरुद्ध बेंचला मिळालेली मिनिटं जानेवारीत कॉन्फरन्स सुरू झाली की आटतात, आणि ती याच पाच जणांकडे जातात.